राजाच्या पोटातला निखारा

एक होता राजा. नाव धवलसेन, राज्य पटनगरचं. शमे, पाय आत घे गं. कौस्तुभ, तू भिंतीकडे सरक. तुमची आई लग्नाहून येईपर्यंत तुम्ही माझ्या ताब्यात. लग्न कुणाचं, आमंत्रण कुणाकडून, मला सगळं ठाऊक आहे, पण ते उद्या सांगेन. आधी राजा.

तर ह्या राजाला ना शिकारीचा नाद, ना लढायांचा. त्याला नाद बुद्धिबळाची कोडी रचायचा. खेळणं वेगळं आणि कोडं रचणं वेगळं, बरं का. खेळायला समोर कुणीतरी लागतं. कोडं रचायला आपण एकटंच बसायचं. पटावर मोजके मोहरे मांडायचे. आणि मग लोकांना विचारायचं, पांढऱ्यानं काळ्या राजावर मात करायचीय, सांगा कशी? त्यात एक अट. उत्तराची वाट एकच हवी. दोन वाटा निघाल्या की कोडं फुटकं. पटनगरात फुटकं कोडं मांडणं ही मोठी शरमेची गोष्ट होती. आणि शेवटची चाल प्याद्याची असली, म्हणजे प्यादेमात झाली, तर अख्खा दरबार उठून उभा राहायचा. हत्ती-घोडे राहिले बाजूला, एवढंसं प्यादं राजाला कोंडतं, म्हणून हो.

राजा रोज दरबारात एक कोडं मांडायचा. प्रधानजी रोज "वाहवा!" म्हणायचे. कधी कधी तर पटावरचं फडकं काढायच्या आधीच म्हणायचे.

मग राजाचं लग्न झालं. राणी आली केतकावती. त्यांना एक मुलगी झाली, तिचं नाव बकुळ. राणी दरबारात बसायची, सुपारी कातरायची, कोडी बघायची, बोलायची काही नाही. एक दिवस राजा सहज म्हणाला, "राणीसाहेब, तुम्हीही मांडा की एखादं." आपण नाही का, पाहुण्याला 'अजून एक पोळी घ्या' म्हणतो? तसं म्हणाला तो. पण राणीनं पोळी घेतली!

तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि पटावर मांडले पाचच मोहरे. दरबार बघत राहिला. पुढे वाकला. आणि प्रधानजी "वाहवा" म्हणायलाच विसरले. तोंड उघडं ते उघडंच.

राजानं ते उघडं तोंड पाहिलं. आपल्या कोड्यांपुढे ते असं कधी उघडं पडलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्याच्या पोटात एक निखारा पडला. हसू नका, खराखुरा निखारा.

आधी दूध नासायला लागलं. राजा मुदपाकखान्यावरून गेला की पातेल्यातलं दूध फाटलंच. मग आचारीणबाईंच्या हातात पापड होता, राजा शेजारून गेला, तर पापड भाजून निघाला. डागसुद्धा नाही पडला! आणि मग एका सकाळी राजाच्या अंगरख्याला बरोबर बेंबीवर भोक पडलेलं दिसलं.

वैद्यबुवा आले. नाडी बघितली. म्हणाले, "महाराज, हे पित्त नव्हे. इतक्यात कुणाचं काही चांगलं झालेलं बघितलंत का?"

"ताक सांगा नि चालते व्हा," राजा म्हणाला.

राजा हंडाभर ताक प्यायला. काही उपयोग नाही. इकडे राणी रोज कोडं मांडतेय आणि तिकडे निखारा फुलतोय. मग राजानं काय करावं? दुपारी राणी बकुळला निजवायला गेली की हा तिच्या पटापुढे जाऊन बसायचा. नाक टेकेल इतका वाकून बघायचा. कुठं दुसरी वाट सापडतेय का? एक तरी फट? एक तरी? महिनोन् महिने बघितलं. नाहीच सापडली.

आणि अशात आला जाग्या राक्षस.

भिऊ नकोस शमे, मी आहे ना. जाग्या जन्मापासून झोपला नव्हता. डोळे परातीएवढे, लालभडक. कुणी घोरताना ऐकलं की त्याचा जळफळाट व्हायचा. मला नाही तर ह्यांनाही नको, असं त्याचं. तो दरबाराच्या पायरीवर बसला तर पायरी खचली. म्हणाला, "तुम्ही कोडी रचता म्हणे. तीन संध्याकाळी मला तीन कोडी घाला. पणती विझायच्या आत मी पहिलं सोडवलं तर गुराढोरांची नि पाखरांची झोप माझी. दुसरं सोडवलं तर थोरामोठ्यांची. तिसरं सोडवलं तर पोरांची. एक जरी मला सुटलं नाही, तर सगळ्यांची झोप परत देईन आणि जाईन. पण कोडं फुटकं निघालं तर सुटलं असंच धरणार!"

पहिल्या संध्याकाळी राजानं आपलंच कोडं मांडलं. कुणाचं ऐकेना. जाग्यानं एक ऊस सोलायला घेतला. सोलून व्हायच्या आत चार चाली करून मोकळा. "हे होय? हे तर माझी काकू दळता दळता सोडवेल." झालं. त्या रात्रीपासून पटनगरातली पाखरं झाडावर टकटक डोळ्यांनी बसून राहिली. गाई गोठ्यात उभ्याच. कोंबड्याला तर कधी आरवायचं तेच कळेना, तो आपला आरवतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, आज राणीसाहेबांचं मांडा. राणीनं मांडलं आणि पटावर फडकं टाकून ती बकुळकडे गेली. राजा एकटा उरला. मग त्याच्या मनात आलं, माझं हरलं आणि हिचं जिंकलं तर? उद्या पोरंसोरंसुद्धा तिचं नाव घेतील. माझ्याकडे बघून हळूच हसतील. राज्य बुडवायचं नव्हतं हो त्याला. नुसतं तिचंही हरावं, एवढंच. त्यानं फडकं उचललं आणि काळा उंट एक घर बाजूला सरकवला. एकच घर.

संध्याकाळी जाग्यानं पटाकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "घोड्यानंही मात होते आणि हत्तीनंही होते! फुटकं! फुटकं!" दरबारानं माना खाली घातल्या. राणी पटाकडे बघत राहिली. मग एकदा राजाकडे बघितलं तिनं. बोलली काही नाही.

राजाला वाटलं होतं, आता पोट निवेल. कसलं निवतंय? उलट धगधगायला लागलं.

त्या रात्रीपासून थोरामोठ्यांची झोप गेली. आचारीणबाईंनी वरणात मीठ घातलं, मग परत घातलं, मग आठवेना म्हणून अजून एकदा घातलं. प्रधानजी खांबाला वाहवा म्हणू लागले. पोरं तेवढी झोपत होती. आयाबाया त्यांच्या उशाशी बसून त्यांची झोप बघत होत्या. उद्यापासून ही पण जाणार, म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी बकुळ पेंगत पेंगत राजाकडे आली. त्याच्या कुशीत शिरली आणि चटकन बाजूला झाली. "बाबा, तुम्ही भाजता," म्हणाली. आणि लांब कोपऱ्यात, चटईवर जाऊन झोपली. एकटीच.

राजा उठला. पाय सवयीनं राणीच्या पटाकडे वळले. तिसरं कोडं मांडून तयार होतं. तो वाकला. नाक टेकवलं. बघता बघता त्याचे डोळे चमकले. फट! अगं बाई, सापडली एकदाची! न झोपलेल्या राणीची नजर चुकली होती. हत्ती कडेच्या घरांवरून सरळ गेला तरी मात होत होती. दोन वाटा! कोडं फुटकं होतं, आणि ह्या वेळी त्याला बोटसुद्धा लावावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. कुणाला कधी कळलं असतं?

पोटातला निखारा असा भडकला की पडद्याची झालर करपली.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून बकुळच्या श्वासाचा आवाज आला. झोपलेल्या पोराचा असतो ना, तसा. आता कौस्तुभचा येतोय बघ, तस्सा. राजा ऐकत राहिला. मग ताडकन उठला आणि राणीकडे गेला.

"अगं, तुझं कोडं फुटकं आहे."

राणीचे डोळे जागून लाल झाले होते. म्हणाली, "दाखवा."

त्यानं दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आणि कालचं?"

राजाची मान खाली. "कालचा उंट मी सरकवला."

"ठाऊक आहे मला. उंट तिरका चालतो. आडवा गेला म्हणजे कुणीतरी नेला असणार."

"मग दरबारात बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हरली, आता नवऱ्यावर ढकलतेय, असंच म्हणाले असते ना सगळे? तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. कालपासून मला कुणाचं तोंड बघवत नाहीये." डोळ्याला पदर लावला तिनं. मग पदर खोचला. "भांडण राहू दे, मी ते विसरणार नाहीये. आधी ही फट बुजवा. पणती लावायची वेळ झाली."

दोघं पटाशी बसली. राजानं एक काळं प्यादं उचललं आणि हत्तीच्या वाटेत ठेवलं, काळ्या राजाला खेटून.

"अहो, हत्ती खाईल की त्याला," राणी म्हणाली. "आणि माझा उंट पाठीशी आहे, म्हणजे काळ्या राजाला हत्ती मारता यायचा नाही. फट तशीच."

दोघं बघत राहिली. मग राणी हळूच हसली. तिनं तो आपला पांढरा उंटच उचलला आणि डब्यात टाकला. आता हत्तीनं प्यादं खाल्लं तर काळा राजा हत्तीला खाणार. वाट बंद! त्यानं एक ठेवलं, तिनं एक काढलं, आणि कोडं कसं, माठ वाजवून घ्यावा तसं ठणठणीत झालं.

तिन्हीसांजा झाल्या. पणती लागली. जाग्यानं ऊस घेतला. पट बघितला आणि हसला. "हत्ती कडेनं गेला की झालं!" हत्ती गेला. मधे प्यादं. प्यादं खाल्लं, तर काळ्या राजानं हत्ती खाल्ला. जाग्यानं मोहरे परत मांडले. वजीर नेला, जमेना. घोडा नेला, जमेना. ऊस तसाच राहिला हातात. परातीएवढे डोळे गरागरा फिरायला लागले. वात फुरफुरली, आणि पणती विझली.

दरबारानं श्वास सोडला. पण जाग्या जागचा हलेना. रडकुंडीला आला बिचारा. "हरलो. सगळ्यांची झोप परत घ्या. पण उत्तर तर सांगा! असा कसा जाऊ मी?"

राणी पुढे झाली. वजीर दिला, मरू दिला. हत्ती दिला, तोही मरू दिला. जाग्या ओरडला, "अहो, काय करताय!" मग राणीनं एक पांढरं प्यादं एक घर पुढे ठेवलं. संपलं. काळ्या राजाला हलायला जागा नाही. पळायचं एकच घर होतं, आणि तिथं त्याचंच प्यादं उभं. धवलसेन राजानं दुपारी ठेवलेलं.

प्यादेमात! सगळा दरबार उभा राहिला.

जाग्या पटाकडे बघतच राहिला. चेहरा कसा मऊ झाला त्याचा. "किती छान," म्हणाला. "किती छान गं बाई." आणि त्यानं जांभई दिली. जन्मातली पहिली. आणि तिथंच पायरीवर आडवा होऊन घोरायला लागला. त्याबरोबर सगळ्या पटनगराची झोप परत आली. प्रधानजी उभ्या उभ्या झोपले. गाई बसल्या. कोंबडा आरवता आरवता मधेच झोपला.

सकाळी सगळे राणीचा जयजयकार करायला लागले. राजा उठून उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे. म्हणाला, "परवाचं कोडं फुटकं नव्हतं. उंट मी सरकवला होता. राणीचं एकही कोडं आजवर फुटकं मांडलं गेलं नाही." प्रधानजींना वाहवा म्हणावं की नाही, तेच कळेना.

राणी म्हणाली, "आणि कालचं काळं प्यादं ह्यांचं. महिनोन् महिने हे माझ्या पटाला नाक लावून बसताहेत, मी दाराआडून बघतेय ना! एवढ्या बारकाईनं माझं कोडं कुणीच बघत नाही. आता दाराआड काही नको. आजपासून माझं कोडं आधी ह्यांच्यापुढे जाणार. बसा महाराज, काढा खोट."

मग राजा रोज दुपारी तिच्यासमोरच बसायला लागला. खोट सापडली की राणी सुधारायची. त्याच्याही कोड्यातल्या ती काढायची, आणि पुष्कळ निघायच्या! दूध नासायचं थांबलं. पापड परत चुलीवर भाजायला लागले. जाग्या मात्र अजून त्या पायरीवरच झोपलाय, लोक त्याला वळसा घालून जातात.

आणि निखारा? विझला नाही हो. असला निखारा सगळा विझत नाही. शेंगदाण्याएवढा उरला. एरवी कळायचाही नाही. पण राणीच्या कोड्यात खोट शोधून शोधून सापडली नाही, की त्या दिवशी तो जरासा फुलायचा. भाजण्याइतका नाही, उबेपुरता. मग बकुळ राजाच्या पोटाशी गोळा होऊन झोपायची आणि म्हणायची, "बाबा, आज आईचं कोडं फार छान झालंय ना?"

"झोप गुपचूप," राजा म्हणायचा.

ती झोपायची. राजा-राणी सुखात राहिली. कौस्तुभ तर कधीच झोपला. शमे, तूही मीट डोळे, पांघरूण घेतलंय मी नीट. फाटक वाजलं की तुझ्या आईला मी दार उघडते.