टिल्लीचं बोर आणि तारेचा लाल सदरा

थंडी पडली. कुडकुड कुडकुड! नाक गार, कान गार.

नूरीमावशी गाड्या दुरुस्त करायची. तिच्या गॅरेजमध्ये राहायची एक उंदरी. एवढीशी! तिचं नाव टिल्ली.

सकाळी टिल्लीला बोर मिळालं. लाल लाल, गोल गोल. थंडीतलं पहिलं बोर! आता खाणार, एवढ्यात बोर निसटलं. टुणुक टुणुक टुणुक! गेलं ते थेट ढोणेकाकांच्या बंद पडलेल्या जीपखाली. इकडे चाक, तिकडे दगड, मध्ये बोर. अडकलं!

टिल्लीने ओढलं. ढकललं. शेपटीने ढोसलंसुद्धा. बोर आपलं ढिम्म! टिल्लीला रडूच आलं.

“जीपआत्या, जीपआत्या, सरक ना!
माझं बोर सुटेना!”

“मी नाही सरकणार! आधी इंजिन सुरू होऊ दे.”

टिल्ली चढली वर. तुरू तुरू तुरू!

“इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, सुरू व्हा ना!
जीप हलेना,
माझं बोर सुटेना!”

“मी नाही सुरू होणार! माझं पोट गारगार. हूऽऽ! आधी हीटरला तापू दे.”

हीटर कोण? आजोबांच्या पोटातली छोटीशी कांडी. टिल्ली गेली तिथे. तुरू तुरू तुरू!

“हीटरदादा, हीटरदादा, ताप ना!
इंजिन गुरगुरेना,
जीप हलेना,
माझं बोर सुटेना!”

“मी नाही तापणार! माझ्याकडे वीजच येत नाही. आधी फ्यूजला टिकू दे.”

फ्यूज तर टिल्लीहूनही छोटा. बसला होता डबीत, तोंड काळं करून. तुरू तुरू तुरू!

“फ्यूजबाळा, फ्यूजबाळा, टिक ना!
हीटर तापेना,
इंजिन गुरगुरेना,
जीप हलेना,
माझं बोर सुटेना!”

“मी नाही टिकणार! काका रोज नवा फ्यूज लावतात. रोज होतं फट्! तारताई लोखंडाला टेकते ना! आधी तिला नीट राहू दे.”

टिल्ली निघाली तारेकडे. तुरू तुरू तुरू!

“तारताई, तारताई, नीट राहा ना!
फ्यूज टिकेना,
हीटर तापेना,
इंजिन गुरगुरेना,
जीप हलेना,
माझं बोर सुटेना!”

“मी नाही नीट राहणार! बघ, मी उघडी! माझा लाल सदरा कुणीतरी कुरतडला. कुरकुर कुरकुर! आधी माझा सदरा आण.”

लाल सदरा? कुरकुर कुरकुर?

टिल्लीचे कान पडले. ती पळत बिळात गेली. बिळात तिची गादी. मऊ मऊ, लाल लाल! कशाची बरं गादी? तारेच्या सदऱ्याची!

“अगंबाई! ती तर मीच!”

टिल्लीला फार वाईट वाटलं. तिने सगळे लाल तुकडे तोंडात धरले. तारेपाशी नेऊन ठेवले.

“तारताई, मीच कुरतडला गं. चुकले!”

तेवढ्यात नूरीमावशी ढोणेकाकांना घेऊन आली. तिने लाल तुकडे पाहिले. मग तार पाहिली.

“अरेच्चा! ढोणेकाका, तार तर इथे उघडी पडलीय! नुसता फ्यूज बदलून काय होणार?”

“घ्या! आणि मी रोज नवा फ्यूज घालतोय!” काकांनी कपाळावर हात मारला.

मावशीने काळी चिकटपट्टी काढली. चर्रर्र! तारेला गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, तीन वेढे. तारेला मिळाला काळा सदरा! मावशीने नवा फ्यूज बसवला. काकांनी चावी फिरवली.

मग काय!

तार नीट राहिली.
फ्यूज टिकला.
हीटर तापला, लाल लाल लाल!
इंजिन गुरगुरलं, घुर्र घुर्र धडधडधड!
जीप हलली.
आणि बोर? सुटलं! टुणुक टुणुक टुणुक!

टिल्लीने झेप घेतली. पकडलं! कुर्रम कुर्रम, गोड गोड गोड!

मावशी हसली. तिने बिळापाशी एक मऊ चिंधी ठेवली.

“घे गं बाई, ही कुरतड. तार नको हं!”

टिल्लीने नवी गादी केली आणि त्यावर एक उडी मारली.

जीप गेली घाटात,
बोर गेलं पोटात,
गोष्ट राहिली ओठात!