शेला विणला कुठे

मला सांगा, दोन दुकाने समोरासमोर आहेत. एक दुकानदार म्हणतो, ‘असा माल दुसरीकडे मिळणारच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘याच्या जोडीचा समोर आहे, तोही बघून या.’ तुम्ही विश्वास कोणावर टाकाल?

एक वृद्ध गृहस्थ जुन्या वस्त्रांचे संग्रहालय सांभाळीत असत. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांची शिष्या वसुधा हिचे पहिलेच प्रदर्शन भरायचे होते आणि त्याचा सगळा डौल एका जरीच्या शेल्यावर होता. ‘आमच्या गावच्या मागावरचा शेला’ अशी निमंत्रणेही वाटून झाली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तात्या संगणकापाशी बसले. शेल्याची नोंद त्यांनी साऱ्या जगाला खुली केली आणि परगावच्या एका संग्रहालयाची खुली नोंद तिला जोडून दिली. त्या नोंदीत नक्षीचा कागदी आराखडा होता. वेल तीच, मोर तोच. खाली विणकराचे गाव मात्र निराळे.

वसुधा हादरली. “तात्या, आपल्याच हातानं आपलं नाक कापलंत!”

“तू आपलं गाव कशावरून लिहिलंस?”

“इथल्याच देशमुखांनी दिला ना शेला!”

“अगं, देशमुखांची सून परगावची चालते, मग शेला का नको?”

वसुधाला हसू आले आणि मागोमाग चूकही कळली.

तात्या म्हणाले, “आपल्या कामातली ही जुनी खोड आहे. देणाऱ्याचं गाव तेच वस्तूचं गाव समजायचं. त्या परगावच्या संग्रहालयाकडे नक्षी आहे, वस्त्र नाही. आपल्याकडे वस्त्र आहे, विणकर नाही. दोघांनी कपाटं बंद ठेवली, तर दोघांचं ज्ञान अर्धंच राहील. नोंद जोडल्यानं वस्तू कुठं जात नाही. आपली चूक तेवढी चारचौघांत दिसते. ती दिसावी म्हणूनच जोडायची.”

वसुधाने नोंद बदलली. विणल्याचे गाव वेगळे, मिळाल्याचे वेगळे लिहिले. हे कशावरून ठरवले तेही लिहिले. आधीची चूक मात्र पुसली नाही, खाली तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येकाला निमंत्रणातली चूक सांगत होती. म्हातारे देशमुख खट्टू झाले. “मग पोरी, यात आमचं काय राहिलं?”

“इतकी वर्षं कसर लागू न देता जपलात, ते. तेही लिहिलंय, काका.”

देशमुख चष्मा सावरून ती ओळ वाचू लागले.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती आहे: आपल्या हिशेबात जे दुसऱ्याचे असेल, ते त्याच्याच नावावर मांडा.