चौदाशे बारा अखंड दिवस

सन दोन हजार चोवीस, मार्च महिना. शिशिर सरत आला होता.

“मग आणखी कोणता पुरावा हवा, बाई?”

रुग्णालयाची संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या शार्दूल ओगले याने पडद्यावरील आकड्यावर बोट ठेवले. एक हजार चारशे बारा दिवस. इतके दिवस रुग्णालयाचा सर्व्हर क्षणभरही थांबला नव्हता. तीन गावांतील केंद्रांचे डॉक्टर रुग्णांचे अहवाल त्यावरच ठेवीत आणि त्यावरूनच एकमेकांशी सल्लामसलत करीत.

कुमुदिनीबाई परचुरे यांनी चष्मा सारखा केला. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या बाईंच्या हाताखालीच तो हे काम शिकला होता. शेजारच्या तालुक्यात एका दवाखान्याचे सारे अहवाल कुणी चोरट्यांनी दुरून कुलूपबंद केले, तेव्हापासून विश्वस्त धास्तावले होते आणि तपासणीसाठी त्यांनी बाईंना बोलावले होते. बाईंनी ‘सुरक्षित’ असा शेरा दिला, की शार्दूलची मान ताठ राहणार होती.

“या काळात कंपनीने प्रणालीतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या किती पाठवल्या?”

“एकोणतीस.”

“बसवल्यास किती?”

“त्या बसवायच्या म्हणजे यंत्र बंद करावं लागतं, बाई.”

“म्हणजे एकही नाही.”

“पण पासवर्ड असे ठेवलेत, की माझे मलाच आठवत नाहीत!”

“दाराला सात कुलपं, आणि मागची भिंत पडलेली. शाबास.”

...

“बंद कर,” बाई म्हणाल्या.

“आत्ता?”

“आत्ता केलंस तर कान उपटीन! ओपीडी नसेल त्या दिवशी. सर्वांना आधी कळवून.”



“आणि बाई... पुन्हा सुरूच झाला नाही तर?”

बाई उठल्या. खुर्ची टेबलाला नीट लावून ठेवली.

“हा प्रश्न तुला आज पडला?”

...

त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याने कंबर कसली. नवे यंत्र मागवले, त्यावर प्रणाली नव्याने चढवली, एकोणतीसच्या एकोणतीस दुरुस्त्या बसवल्या. अहवालांची नक्कल त्यावर उतरवून एकेक उघडून पाहिला. पहिल्या खेपेस निम्मे उघडलेच नाहीत. कुणाला न सांगता त्याने सारे पुन्हा केले.

“शार्दूलराव, रविवारी मला कागद चिवडायला लावणार म्हणे?” एका केंद्राचे डॉक्टर तांबट यांनी टोमणा मारला.

“एकच दिवस, डॉक्टरसाहेब.”

रविवार, अठ्ठावीस एप्रिल. शार्दूलने स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद केला. पंख्याची घरघर थांबली. त्या खोलीतली शांतता त्याने प्रथमच ऐकली.

मग पुन्हा कळ दाबली.

...

जुने यंत्र उठले नाही. अहवाल साठवणारी आतली तबकडी केव्हाच झिजली होती. फिरत होती म्हणून फिरत होती, इतकेच.

त्याने आदल्या रात्रीपर्यंतचे अहवाल उतरवलेल्या नव्या यंत्राची जोडणी केली. चार वाजता तिन्ही केंद्रांचे फोन आले: सर्व अहवाल दिसत आहेत.

तो तडक बाईंच्या घरी गेला आणि वाकून नमस्कार केला.

“बाई, तुम्ही होतात म्हणून वाचलो. आता शपथ घेतो, हे नवं यंत्र मी कधीही थांबू देणार नाही.”

बाईंनी भिंतीवरील कॅलेंडर काढून त्याच्या हाती दिले.

“पुढचा कोणता रविवार धरतोस?”