मिरीचा वेल आणि राजाचा खांब

फार पूर्वी, सात समुद्रांपलीकडच्या एका थंड देशात मिरीवाचून कुणाला जेवण रुचत नसे. पण मिरी यायची दूरवरून, कितीतरी व्यापाऱ्यांच्या हातांतून. प्रत्येक जण तिचा भाव थोडा वाढवायचा.

राजा चिडला. "मिरी खातो मी आणि गब्बर होतात हे!" त्याने आपल्या कप्तानाला बोलावलं. "समुद्रातून सरळ वाट काढ. मिरीचा देश सापडला की माझ्या नावाचा हा दगडी खांब तिथे रोव. खांब रोवला की जमीन माझी."

खूप दिवसांनी जहाज किनाऱ्याला लागलं. खलाशी तहानेने व्याकूळ झाले होते. तिथे मिरीची बाग असलेल्या एका बाईने सगळ्यांना पेज पाजली.

"आम्ही तुमचा देश शोधून काढला!" एक खलाशी ऐटीत म्हणाला.

"अगंबाई, हरवला होता का?" बाई हसली.

निघताना तिने पोतंभर मिरी दिली. "पुढच्या वर्षी तांब्याची भांडी आणा, हवी तेवढी मिरी न्या. मधे कुणी नकोच."

तरीही कप्तानाने बागेत खांब रोवला. बाईला वाटलं, वेल चढवायलाच आणलाय. "एवढं ओझं माझ्यासाठी आणलंत? आधाराचं झाड पडल्यापासून हा वेल जमिनीवरच लोळतोय बघा."

खरं सांगावं, खांब उपटून न्यावा, असं कप्तानाला वाटलं. पण राजाचा राग आठवला, बक्षीसही आठवलं. तो नुसता हसला.

पुढच्या वर्षी तो भांडी नाही, शिपाई घेऊन आला. शिपायांना खांब दिसेना. बाई मात्र धावत आली. "पाहुणे, तुमच्या खांबावरची पहिली मिरी तुमच्यासाठीच ठेवलीय!"

कप्तानाने तिच्याकडे न बघता हिरव्यागार वेलाकडे बोट दाखवलं. शिपायांनी वेल ओरबाडला. आत राजाचं नाव निघालं.

"चल, नीघ. बाग राजाची आहे," एक शिपाई बाईवर खेकसला.

"पाहुणे," बाई हळूच म्हणाली, "मिरी द्यायला मी कधी नाही म्हटलं होतं का?" आणि मिरीची पुरचुंडी त्याच्या हातात ठेवून ती निघून गेली.

राजाने कप्तानाच्या गळ्यात सोन्याचा हार घातला. मेजवानीत सगळे मिरीची वाहवा करत जेवले. कप्तानाने मात्र ताट बाजूला सारलं. हार बघायला लोक जमले, पण त्याची मान काही वर झाली नाही.

तात्पर्य: गरज घेऊन दुसऱ्याच्या दारात जाण्यात लाज नाही, ज्याने आपल्याला जेवू घातलं, त्याच्याच दारावर आपलं नाव कोरण्यात आहे.