रुमाल कुठे बांधायचा?

“महाराज, ही भाकरी तुम्ही खाल का?” भागूने भर दरबारात विचारलं, आणि मानाजीराजांच्या मिशा थरथरल्या.

भागू राजाच्या अन्नछत्रात भाकऱ्या थापायची. पीठ कुबट, ज्वारी किडकी. भुकेले वाटसरू अर्ध्या भाकरीवरून उठायचे आणि भागूचा जीव तुटायचा. ज्वारी आणायचे थोरले कारकून कोंडोपंत आणि त्यांच्या हाताखालचे दोघे. बाजाराची जुनीच रीत. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा ठरवायचा. आत काय शिजलं ते त्या हातांनाच ठाऊक! पण सौदा दर खेपेला राजाचे मेहुणे रंगराव यांच्याशीच व्हायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

“सौदा उघड्यावर होऊ द्या, महाराज!”

“रुमाल आमच्या आजोबांपासून आहे, तो हटणार नाही!” राजा हट्टाला पेटला. “पण तुझंही ऐकतो. रुमाल राहील आणि सौदा साऱ्या बाजाराला दिसेल, असं काही कारकुनांना शिकव. चार दिवस देतो. नाही जमलं तर अन्नछत्राला कुलूप!”

रंगराव खुदकन हसले. भागू म्हणाली, “शिकवते.”

चार दिवस तिने तिघा कारकुनांना कोठीत बसवलं. ज्वारी मुठीत घ्या, हुंगा, दाणा दाताखाली फोडा!

“अगं, आम्ही लेखणीची माणसं!” पंत कुरकुरले.

“मग खाता कशाने, लेखणीने?”

बाजाराच्या दिवशी चव्हाट्यावर सात पोती मांडली. प्रत्येकावर कोळशाने भाव लिहिलेला, व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठी मात्र पोत्याखाली. राजा आला, रंगरावही मिशीला पीळ देत आले. भागूने रुमाल काढला आणि सरळ कोंडोपंतांच्या डोळ्यांवर करकचून बांधला!

पंत चाचपडत निघाले. तिसऱ्या पोत्यात त्यांनी हात घातला, हुंगलं, दाणा फोडला आणि थू थू करत ओरडले, “शी! हे कोंबड्यासुद्धा टिपायच्या नाहीत!”

पोतं उचललं. खाली रंगरावांचं नाव!

बाजार खदखदून हसला. राजा मात्र गरजला, “भागू! रुमाल हातावर असतो!”

“रुमाल हटू नये म्हणालात, महाराज, हा बघा, आहे. हातावर होता तेव्हा सौदा एकट्या पंतांना दिसायचा. आता एकट्या पंतांनाच दिसत नाही!”

राजा असा हसला, की त्याचा फेटा सुटला. त्याने कोठीच्या किल्ल्या भागूच्या हातावर ठेवल्या, खांद्यावरचा जरीचा शेला काढून दिला आणि म्हणाला, “पुढच्या बाजारी पंतांना हा बांध, जाड आहे! आणि तिसऱ्या पोत्याच्या भाकऱ्या थाप. मेहुणे आज आमच्याकडे जेवायला आहेत!”