खारीच्या ढोलीतले अळूचे पान

उंबराच्या एका जुन्या झाडाला ढोली होती आणि त्या ढोलीत एक खार घर मांडून राहत असे. घर कसले, एवढीशी एकच खोली! पण मुलांनो, त्या खोलीत एक गंमत होती. खारीने कोपऱ्यात नारळाच्या करवंटीत अळूचे रोप लावले होते. ढोलीत शिरणारा उजेड त्या पानांतून हिरवा होऊन तिच्या सावरीच्या कापसाच्या गादीवर पसरायचा. पानावर एखादा पाण्याचा थेंब इकडून तिकडे घरंगळत राहायचा. तो बघता बघता खारीचे डोळे मिटायचे आणि तिला हिरवीगार स्वप्ने पडायची. त्या पानाखाली पडल्याशिवाय तिला झोपच येत नसे.

एके दिवशी जाग आली तेव्हा तिला दिसले, की सर्वांत मोठ्या पानाची कड तपकिरी झाली आहे आणि जराशी फाटलीही आहे. नखाएवढीच, पण खारीच्या काळजात धस्स झाले. आपले रोप आता जाणार, असेच तिच्या मनाने घेतले. ती धावत खाली बेडकाकडे गेली. बेडूक पान बघायलासुद्धा आला नाही. तो म्हणाला, "पाणी घाल गं, भरपूर पाणी! पाण्याने कुणाचे वाईट झाले आहे?" खारीने करवंटी काठोकाठ भरली, तर दोन-चार दिवसांत खालचे एक पान पिवळे पडले. मग सरडा म्हणाला, "छे, छे! त्याला ऊन पाहिजे. मला बघ, उन्हात कसा मजेत असतो!" खारीने करवंटी ढोलीच्या तोंडाशी उन्हात ठेवली, तर आणखी एक पान करपले. जाता जाता कावळ्याने लांबूनच निकाल दिला, "रोग आहे हा! फेकून दे, नाहीतर सगळे झाड जाईल."

संध्याकाळ झाली. खारीने करवंटी उराशी धरली आणि ती ढोलीच्या काठाशी आली. तिला रडू आवरेना. पानावरचा थेंब घरंगळला आणि खाली उंबराच्या सालीवर टपकला. तिथे एक गोगलगाय चालली होती. ती मान वर करून म्हणाली, "खारूताई, फेकतच आहेस तर मला दे. माझे जेवण व्हायचे आहे. पण थांब हं, आजारी पान मी तोंडात घेत नाही. आधी बघू दे." गोगलगाय हळूहळू वर आली. तिने पान वरून पाहिले, खालून पाहिले, कडेकडेने शिंगे फिरवली. तोवर आभाळात चांदण्या उगवल्या. मग ती म्हणाली, "अगं, हे तर ठणठणीत आहे! रोगाचे ठिपके नाहीत, किडीची भोकेही नाहीत. नुसते घासले गेले आहे, तेही एकाच बाजूने. आणि आतली ही कोवळी सुरळी बघ, कशी तजेलदार आहे! मरणारे रोप नवे पान काढेल का?"

"पण माझ्या घरात याला घासणार कोण?" खार म्हणाली. तिने करवंटी जुन्या जागी नेऊन ठेवली आणि थकून ती गादीवर आली. झोपण्याआधी गादी मऊ करायला स्वतःभोवती गिरक्या घ्यायची तिची रोजची सवय. तिने गिरकी घेतली आणि तिची झुबकेदार शेपूट सर्रकन पानाच्या कडेवरून गेली. खार जागच्या जागी थांबली. तिने मागे वळून आधी पानाकडे पाहिले, मग शेपटीकडे. तिला स्वतःची अशी लाज वाटली म्हणता!

तिने करवंटीतले जास्तीचे पाणी ओतून टाकले, रोप होते तिथेच राहू दिले आणि आपली गादी थोडी अलीकडे ओढली. पिवळे पान तिने गोगलगाईला दिले. "याला आजार नाही ना?" गोगलगाईने विचारले. "नाही गं, माझी घाई आहे ती," खार म्हणाली. फाटलेली कड काही पुन्हा जुळली नाही. पण पुढे ती सुरळी उलगडली, तेव्हा नव्या पानावर एक ओरखडाही नव्हता. त्याच्याखाली खार हिरव्या उजेडात गाढ झोपली होती आणि झोपेतसुद्धा तिने शेपूट पोटाशी घट्ट धरली होती.

तात्पर्य : दुखणे काय आहे ते नीट बघितल्याशिवाय औषध करू नये, आणि बघायला बसलात, की आपली शेपूट कुठे लागते तेही बघावे.