कडुनिंबाखालची द्वारकाबाई

फार फार वर्षं झाली. आमच्या काळेखडीची खाण नवी होती, आणि दगड फोडायला तेलंगणातून, कर्नाटकातून बिऱ्हाडं आली होती. त्यांची पोरं द्वारकाबाईंच्या शाळेत बसत.

बाई मायाळू, पण हट्टी. त्यांचा नियम एकच, वर्गात फक्त मराठी. दुसरी बोली तोंडातून निघाली की बाहेर कडुनिंबाखाली उभं राहायचं. पोचम्मा नावाची तेलुगू मुलगी तर रोजच बाहेर. तिचा बाप लिंगय्या बाईंना म्हणाला, "संक्रांतीपर्यंत वाचाय आलं नाय, तर पोरगी खाणीत हातोडा धरंल."

एके दिवशी वर्ग इतका गप्प झाला, की आढ्यावरच्या चिमण्याही चिवचिवायच्या थांबल्या, असं म्हणतात. बाई बघतात तो काय, आत पोरंच उरली नव्हती! सगळी शिक्षा भोगत बाहेर, गावची पोरंसुद्धा मुद्दाम तेलुगू शब्द बोलून गेलेली, आणि बाहेर नुसता कलकलाट. पोचम्मा भाकरी मोडून तेलुगूत अर्धं-पाव समजावत होती, कानडी पोरगी तेच कानडीत पुढे सांगत होती, गावची पोरं मराठीत घोकत होती. सगळ्यांना गणित आलं होतं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी फळा उचलला आणि त्याही कडुनिंबाखाली जाऊन बसल्या.

तेव्हापासून धडा आधी घरच्या बोलीत, मग शेजाऱ्याच्या, मग मराठीत. असं म्हणतात, त्या हिवाळ्यात झाडाची सावली पोरांवरून हललीच नाही, आणि फांदीवरचे पोपट तिन्ही भाषांत पाढे म्हणू लागले.

संक्रांतीला लिंगय्या छोटा हातोडा घेऊन आला. पोचम्मानं धडा मराठीत वाचला, मग ओळ न ओळ बापाला तेलुगूत सांगितली. तो खालीच बसला. म्हणाला, "पुस्तकात असलं असतंय व्हय, बाई? मला आजवर कुणी सांगितलंच नाय." आणि पोरीला म्हणाला, "अजून वाच."

बाई गेल्या, त्यालाही किती पावसाळे लोटले. पण आजही काळेखडीच्या शाळेत परमुलखातलं मूल आलं, की पहिल्या दिवशी ते मूलच गुरुजी. खुर्चीवर ते, सतरंजीवर सगळे. बाईंच्या नावानं त्यानं आपल्या भाषेतला एक शब्द शिकवायचा.

गेल्या साली ओडिशातलं एक लेकरू असंच खुर्चीत मान खाली घालून बसलं. जेवणाची सुट्टी झाली, तरी कुणी उठलं नाही. खिचडी गार झाली. मग त्यानं हळूच खिडकीतल्या चिमणीकडे बोट दाखवलं आणि म्हणालं, "घरचटिया."

"घरचटिया!" सगळा वर्ग ओरडला. पोर हसलं, आणि मग त्याला गप्प करणं कुणालाच जमेना.